दुखऱ्या पायाचा सौदा

[दृश्य : नोव्हेंबरची सकाळ. भात कापून झालेला मळा, त्यावर चुन्याच्या रेषा. मागे माड, माडांमागे समुद्र.]

पाऊस सरला, मळे सुकले, की वेंगुर्ल्यापासून पेडण्यापर्यंत फुटबॉलचे दिवस सुरू होतात. तेरेखोल खाडीच्या अलीकडची पोरं पलीकडच्या स्पर्धा डोळ्यांसमोर ठेवून खेळतात. म्हापशाचं धुळेर, वास्कोचं टिळक मैदान, मडगावचं फातोर्डा ही नावं इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतात. याच दिवसांत क्लबच्या सचिवांच्या मोबाईलवर व्हिडिओ यायला लागतात.

चार मिनिटांचा व्हिडिओ. उजव्या बगलेतून धाव, आत वळून डाव्या पायाचा फटका, गोल. पुन्हा धाव, पुन्हा गोल. खाली एजंटची एक ओळ : आता पूर्ण फिट आहे. आणि भाव बाजाराच्या निम्मा.

निम्मा का, याचं उत्तर व्हिडिओत सापडत नाही. ते फाईलमध्ये असतं आणि फाईल आपणहून कोणी पाठवत नाही.

[दृश्य : टेबलावर जाड फाईल, एमआरआयच्या काळ्या फिल्म खिडकीच्या उजेडात धरलेल्या.]

आधी एक गोष्ट साफ करू. दुखापत न झालेला व्यावसायिक फुटबॉलपटू मिळत नाही. युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या दुखापतींची नोंद युएफाचा, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाचा, अभ्यास २००१ पासून ठेवतो आहे. त्यामागे स्वीडनचे डॉक्टर यान एकस्ट्रांड आहेत. या नोंदींनुसार २५ जणांच्या संघाला एका मोसमात साधारण ५० दुखापती होतात. म्हणजे माणशी दोन. तेव्हा ‘हा सारखा दुखावतो’ म्हणून कोणाला बाद करायचं, तर अर्धा बाजार बाद होईल. ‘किती वेळा?’ हा प्रश्न कच्चा आहे. कुठे, कशाने आणि तीच जागा पुन्हा का, हे विचारायला हवं.

कोणी आडवा घसरत आला, नडगीचं हाड मोडलं आणि ते नीट जुळलं, तर तो अपघात. असा खेळाडू सात महिने बाहेर बसलेला असला तरी त्याची भीती बाळगायचं कारण कमी. याउलट कोणी अंगाला हात लावला नाही, मोकळ्या मैदानात धावता धावता मांडीमागे चमक आली, तीन आठवडे विश्रांती झाली, परतला आणि पाचव्या आठवड्यात त्याच पायाला पुन्हा तेच झालं, तर एकूण सुट्टी दोन महिन्यांचीच भरते. पण सौद्याच्या दृष्टीने हा दुसरा खेळाडू जास्त धोक्याचा. दिवसांची बेरीज फसवते.

मांडीमागच्या त्या स्नायूंना, हॅमस्ट्रिंगला, जरा वेळ देऊ. व्यावसायिक फुटबॉलमधली ही सर्वांत नेहमीची दुखापत. एकस्ट्रांड यांच्या नोंदींत एकूण दुखापतींत हॅमस्ट्रिंगचा वाटा २००१-०२ मध्ये १२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये २४ टक्क्यांवर गेला. खेळ वेगवान झाला, सामने वाढले. त्याच नोंदी आणखी एक उपयोगाची गोष्ट सांगतात : जे स्नायू पुन्हा दुखावले, त्यांतले दोन तृतीयांशांहून जास्त मैदानावर परतल्यापासून दोन महिन्यांच्या आत दुखावले. म्हणून एजंटला पहिला प्रश्न : शेवटचा परतला कधी, तारीख सांगा. आठवडा झाला असेल तर सगळ्यांत धोक्याच्या काळात तुम्ही त्याला विकत घेताय.

पुन्हा का दुखावतो? फाटलेला स्नायू भरून येतो तो व्रणाच्या तंतूंनी, आणि हे तंतू आधीच्या तंतूंइतके लवचिक नसतात. दुखणं थांबतं तेव्हा स्नायू चालायला, जॉगिंगला तयार झालेला असतो. पूर्ण वेगाच्या धावेत मात्र पाय पुढे फेकला जातो, स्नायू पूर्ण ताणलेल्या अवस्थेत ब्रेकचं काम करतो आणि नेमकी तिथली ताकद कमी राहिलेली असते. वर फिजिओने आठवडाभर आधीच ‘जा’ म्हटलेलं, कारण उपांत्य सामना होता. दुखापत स्नायूच्या मांसल भागात आहे की स्नायूच्या आतून जाणाऱ्या कंडऱ्यात (टेंडनमध्ये), हे एमआरआयवर दिसतं. कंडरा दुखावला असेल तर वेळ जास्त लागतो आणि घाई जास्त महाग पडते.

[दृश्य : जांभ्याच्या सड्यावरचं मैदान. स्टड असलेल्या बुटांचा जवळून शॉट, धूळ.]

गुडघ्याचं गणित वेगळं. हाडं बांधून ठेवणारं एसीएल नावाचं लिगामेंट तुटलं की शस्त्रक्रियेत त्या जागी दुसरा पट्टा बसवतात. तो वाटीखालच्या कंडऱ्यातून घेतलेला असतो किंवा हॅमस्ट्रिंगमधून. खेळाडू विंगर, म्हणजे बगलेतून धावणारा, असेल आणि पट्टा त्याच पायाच्या हॅमस्ट्रिंगमधून काढला असेल, तर त्याच्या वेगाची चौकशी दुप्पट करा. डिस्चार्ज कार्डावर हे नसतं. तिथे दोन ओळी असतात. मागायची ती ऑपरेशन नोट. त्यात पट्टा कुठून घेतला, मेनिस्कस (गुडघ्यातली गादी) शिवला की कापून काढला, कूर्चा किती झिजलेली दिसली, हे सगळं सर्जनने लिहिलेलं असतं. मेनिस्कसचा मोठा तुकडा काढलेला गुडघा आज खेळतो, पण तीन वर्षांचा करार करताना तो तीन वर्षं टिकायचा आहे हे विसरू नये.

परतण्याच्या घाईबद्दल नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये ठोस आकडा दिला : शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितकं लांबवाल, त्यातल्या प्रत्येक महिन्यामागे गुडघा पुन्हा दुखावण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांनी घटतं. सहाव्या महिन्यात ‘फिट’ म्हणून आलेला खेळाडू त्यामुळे कौतुकाचा नाही, काळजीचा विषय आहे.

आता तपासणी. किनाऱ्यावर जुनी होडी घेणारा माणूस रंगावर जात नाही. ती वर ओढतो आणि तळाच्या फळ्या एकेक ठोकून बघतो. इथेही ठोकून बघायचं ते ठरलेल्या क्रमाने.

खेळाडूची लेखी संमती घेऊन मागच्या तीन मोसमांची फाईल मागवा. फाईल वाचून झाल्यावरच खेळाडूला बोलवा, म्हणजे काय विचारायचं ते कळतं. तो मालवणी असेल तर मालवणीतच विचारा, ‘धावताना खंय दुखता रे?’ इंग्रजी फॉर्मवर सगळे ‘नो’ अशी खूण करतात. दोन्ही मांड्यांचा घेर वाटीपासून सारख्याच उंचीवर टेपने मोजा. दोन सेंटीमीटरचा फरक सोडून देण्यासारखा नाही. मग ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी हाताने गुडघ्याचा ढिलेपणा बघायचा, आणि त्यानंतर एमआरआय. एमआरआय हाताच्या तपासणीनंतर, कारण फिल्म आधी पाहिली की डॉक्टरही तिच्यातलंच शोधत बसतात. सत्तावीस वर्षांच्या फुटबॉलपटूच्या गुडघ्यात काहीतरी दिसणारच. दिसलं म्हणून तो वाईट नाही आणि स्वच्छ दिसलं म्हणून तो चांगला नाही.

एका पायावरच्या उड्या चार प्रकारच्या : एक लांब उडी, सलग तीन, रेषा ओलांडत तीन आणि सहा मीटर अंतर वेळ लावून. दुखावलेल्या पायाने चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के कामगिरी करावी, असा निकष रूढ आहे. यात एक फट आहे. आठ महिने घरी बसलेल्याचा चांगला पायही कमजोर झालेला असतो. दोन कमजोर पायांचं गुणोत्तर ९५ टक्के येतं आणि कागद हिरवा होतो. म्हणून टक्केवारीबरोबर सेंटीमीटरही लिहून घ्या आणि दुखापतीपूर्वीचे आकडे मिळाले तर त्यांच्याशी ताडून पाहा.

सगळ्यांत स्वस्त चाचणीला यंत्र लागत नाही, दोन दिवस लागतात. पहिल्या दिवशी संध्याकाळी पूर्ण सराव : वेगाच्या धावा, वळणं, समोरासमोरची झटापट. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या गुडघा बघायचा. सुजलाय? वाटीच्या बाजूने बोट फिरवलं की पाणी सरकतं? वेदनाशामक गोळी वेदना लपवते, पण सांध्यात भरलेलं पाणी पुरतं लपत नाही. क्लब चुकतात ते इथे. सकाळी चाचणी, दुपारी फोटो, संध्याकाळी सही.

[दृश्य : रिकामं स्टेडियम, फ्लडलाइट एकेक करून लागतात.]

मोठ्या क्लबांकडे सगळी यंत्रं असतात, तरी निकाल चुकतो आणि दोन्ही बाजूंनी चुकतो.

२००० च्या एप्रिलमध्ये गोल करणारा रुड व्हान निस्टलरॉय हॉलंडचा पीएसव्ही क्लब सोडून मँचेस्टर युनायटेडला जाणार होता. वैद्यकीय तपासणीत गुडघ्याबद्दल शंका आली, सौदा थांबला. काही दिवसांतच सराव करताना त्याच गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. तपासणीचा हा विजय. पण गोष्ट तिथे संपत नाही. वर्षभराने, गुडघा बरा झाल्यावर, युनायटेडने त्याला १.९ कोटी पौंडांना घेतलंच, आणि त्याने २१९ सामन्यांत १५० गोल केले. नकार बरोबर होता आणि नंतरचा होकारही. मधलं वर्ष कोणाच्या खर्चाने गेलं, तर पीएसव्हीच्या.

रिआल माद्रिदने २००४ च्या ऑगस्टमध्ये जोनाथन वुडगेट या बचावपटूला न्यूकॅसलकडून घेतलं तेव्हा तो दुखापतीतच होता. पहिला सामना खेळायला त्याला सप्टेंबर २००५ उजाडला. त्या सामन्यात स्वयंगोल आणि लाल कार्ड, दोन्ही.

अमेरिकन फुटबॉल हा वेगळाच खेळ, पण दुखऱ्या खेळाडूच्या अदलाबदलीचा याहून चांगला धडा कुठे नाही. २००६ मध्ये मायामी डॉल्फिन्सना क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाल रचणारा खेळाडू, हवा होता. समोर दोघे : खांद्याची शस्त्रक्रिया झालेला ड्रू ब्रीस आणि गुडघ्याची तीन लिगामेंट तुटलेला डॉन्टे कल्पेपर. क्लबच्या डॉक्टरांना खांद्याची खात्री वाटेना. म्हणून क्लबने नवोदित खेळाडू निवडण्याचा दुसऱ्या फेरीतला आपला हक्क देऊन कल्पेपरला घेतलं. तो त्या मोसमात चार सामने खेळला. ब्रीस न्यू ऑर्लिन्सला गेला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांना सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना, जिंकून दिला. खांद्याबद्दलची शंका वैद्यकीयदृष्ट्या रास्तच होती. चूक झाली ती एक जोखीम टाळताना दुसरी, कदाचित मोठी, जोखीम सुरक्षित समजण्यात. तपासणी एकाची नसते, तुलना असते.

[दृश्य : फळ्यावर खडूने आकडे.]

आता पैसे. समजा, तंदुरुस्त विंगर मोसमाला २४ लाख घेतो आणि १६ सामने खेळतो. सामन्यामागे दीड लाख. आपला व्हिडिओवाला १२ लाखांत येतो. तो आठ सामने खेळला तर हिशेब बरोबरीत सुटतो. सात खेळला तर सामना एक लाख सत्तर हजारांच्या वर पडतो, म्हणजे निम्म्या भावाचा माणूस महाग झाला. आणि तो बाहेर बसला तर हवा म्हणून बाकावर आणखी एक विंगर पहिल्या दिवसापासून ठेवावा लागतो. त्याचे चार लाख धरा. आता बरोबरीची रेघ अकरा सामन्यांवर जाते. तो बदली खेळाडू त्या दर्जाचा असता तर हा सौदा करावाच लागला नसता, हेही मनात धरा.

पैशांखेरीज नोंदणीतली जागाही जाते. परदेशी खेळाडूंची संख्या मर्यादित असलेल्या स्पर्धेत अशी एक जागा अडकून पडणं रकमेपेक्षा जास्त दुखतं.

कराराची भाषा इथे कामाला येते. फिफाच्या हस्तांतर नियमांचं १८ वं कलम स्पष्ट आहे : वैद्यकीय तपासणीत पास झाला तरच करार वैध, अशी अट घालता येत नाही. म्हणजे तपासणी सहीच्या आधी. ‘सही करून ठेवू, रिपोर्ट येऊ दे’ म्हणणारा सचिव क्लबला खड्ड्यात घालतो. आणि नंतर खेळाडू जायबंदी झाला म्हणून करार एकतर्फी मोडता येत नाही. पगार चालूच राहतो. तो चालू राहायलाच हवा. पाय त्याचा मोडलेला असतो.

मग जोखीम वाटून घ्यायची कशी? सरसकट १२ लाखांऐवजी ६ लाख पक्के, आणि किमान ४५ मिनिटं खेळलेल्या प्रत्येक सामन्याचे ५० हजार. सात सामने झाले तर साडेनऊ लाख, सोळा झाले तर चौदा. तंदुरुस्त राहिला तर त्याला जास्त मिळतं, न राहिला तर क्लबचं कमी जातं. कागदावर सुरेख. मैदानावर मात्र याचा एक वाईट परिणाम होतो : पैसे मिनिटांना बांधले की खेळाडू दुखणं लपवतो, गोळी घेऊन उतरतो, आणि दोन आठवड्यांची दुखापत तीन महिन्यांची होते. म्हणून एक ओळ वाढवावी. फिजिओने थांबवलेल्या सामन्याचीही निम्मी रक्कम मिळेल, अशी. ही ओळ क्लबला महाग वाटते. तिच्याइतकी स्वस्त ओळ त्या करारात दुसरी नसते.

दोन क्लबांमधल्या सौद्यात अट ‘सामन्यांची’ की ‘मिनिटांची’ हे आधी ठरवा. सुरुवातीच्या अकरात असणं, संघात नाव असणं आणि ४५ मिनिटं खेळणं या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. ॲटलेटिको माद्रिदने २०२२ च्या मोसमात बार्सिलोनाकडून उसन्या आणलेल्या ग्रीझमनला सामन्यामागून सामना साठाव्या मिनिटानंतर उतरवला, कारण ४५ मिनिटांचे पुरेसे सामने भरले की बार्सिलोनाला ४ कोटी युरो द्यावे लागणार होते. शेवटी दोन्ही क्लबांनी कमी रकमेवर तडजोड केली. तो जायबंदी नव्हता, तरी बाकावर होता. अट चुकीच्या जागी घातली की प्रशिक्षकाऐवजी खजिनदार संघ निवडतो.

अट बरोबर जागी असली की काय होतं, तेही अमेरिकेत दिसलं. २०२३ मध्ये न्यूयॉर्क जेट्सने ३९ वर्षांचा क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स घेतला. ठरलं असं की तो ६५ टक्के खेळींत मैदानावर असला तर मोबदल्यातला पुढच्या वर्षीचा दुसऱ्या फेरीचा हक्क पहिल्या फेरीचा होईल. पहिल्याच सामन्यात, चौथ्या खेळीला, त्याच्या टाचेचा कंडरा तुटला. मोसम गेला, पण पहिल्या फेरीचा हक्क जेट्सकडे राहिला.

विम्यावर फार विसंबू नका. आधीपासूनची दुखापत विमा कंपन्या बहुधा वगळतात. ज्या गुडघ्याची भीती, तोच कागदात नसतो. राष्ट्रीय संघाकडून खेळताना दुखावला तर फिफाची योजना आहे : २८ दिवसांपेक्षा जास्त काळ बाहेर राहिला तर क्लबला दिवसाला कमाल २०,५४८ युरो, वर्षभरापर्यंत, आणि एकूण मर्यादा ७५ लाख युरो. आपल्या मंडळांच्या स्पर्धांसाठी काढतात तो व्यक्तिगत अपघात विमा मूळ स्वरूपात मृत्यू आणि अपंगत्वाचा असतो. लिगामेंटच्या शस्त्रक्रियेचा खर्च हवा तर वैद्यकीय खर्चाची जोड वेगळी घ्यावी लागते, आणि ती हप्त्याच्या पावतीवर छापलेली दिसली पाहिजे.

[दृश्य : सरावाचं मैदान. दोन खेळाडू, एक गुडघ्यांवर, दुसरा त्याचे घोटे धरून.]

हा नॉर्डिक व्यायाम. गुडघ्यांवर बसायचं, मागच्याने घोटे घट्ट धरायचे, आणि कंबर न वाकवता शरीर हळूहळू पुढे झुकवत न्यायचं. पडू लागलात की हात टेकायचे. दर आठवड्याला नेमाने केला तर हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्याने घटतात, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. खर्च शून्य. तरी क्लब तो सोडून देतात, कारण पहिल्या आठवड्यात मांड्या ठणकतात आणि पोरं कुरकुरतात. तो सामन्याच्या आदल्या दिवशी करायचा नाही, आणि पहिल्या आठवड्यात दोन फेऱ्यांवर थांबायचं. एवढं पाळलं तर कुरकुर टिकत नाही.

नव्या खेळाडूचे पहिले सहा आठवडे असे जावेत : पूर्ण वेगाच्या धावा आठवड्यातून दोनदा, थोड्या, पण कधीच शून्य नाही. वेगाची सवय सुटलेला स्नायू सामन्यातल्या पहिल्या धावेत फाटतो. मिनिटं चढत्या क्रमाने : वीस, तीस, पंचेचाळीस, साठ. सलग दोन सामने असतील तर एकाच सामन्यात. बसचा सहा तासांचा प्रवास करून उतरल्या उतरल्या मैदानात नाही. आणि मैदान बघून बूट. जांभ्याच्या कडक सड्यावर लांब स्टड रुतत नाहीत, पाय त्यांच्यावर डगमगतो; मळ्यातल्या मातीत आखूड स्टड घसरतात. वापरलेल्या दोन जोड्या सोबत हव्यातच.

हे सगळं करणारा माणूस क्लबकडे आहे का, यावर सौदा करावा की नाही ते ठरतं. उस्मान डेम्बेलेला बार्सिलोनाने २०१७ मध्ये साडेदहा कोटी युरो अधिक बोनस देऊन घेतलं. महिनाभरात हॅमस्ट्रिंगचा कंडरा फाटला, आणि पुढची वर्षं अशीच गेली. २०२३ मध्ये तो साधारण पाच कोटींना पॅरिसला गेला, आणि २०२५ मध्ये चॅम्पियन्स लीग आणि जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी’ओर दोन्ही घेऊन बसला. अशा खेळाडूवर पैसे लावणं मूर्खपणा नाही. पूर्ण वेळ फिजिओ नसलेल्या क्लबने ते लावणं मूर्खपणा आहे. अशा क्लबने नडगी मोडून जुळलेला घ्यावा, वारंवार हॅमस्ट्रिंग दुखावणारा घेऊ नये.

आणि तरीही घेतलाच, तर नोंदणीची एक जागा दुसऱ्या खिडकीसाठी, म्हणजे मोसमाच्या मधल्या नोंदणीच्या मुदतीसाठी, मोकळी ठेवा. बदली विंगरशी आजच बोलून ठेवा. जानेवारीत भाव विचारायला गेलात, तर तुमचा खेळाडू कुबड्यांवर आहे हे समोरच्या एजंटला तुमच्या आधी कळलेलं असतं.